सतराशे त्र्याऐंशी आडवं वाचताना

माझी आई सनावळीत बोलत नसे. धाकट्या मामाचा जन्म कधीचा असं विचारलं, तर म्हणायची, "दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षाचा." घराची मागची खोली कधी काढली? "दुष्काळ सरल्यावर." दुष्काळ म्हणजे बहात्तरचा, हे वेगळं सांगावं लागत नसे. पाथर्डीकडे ती तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सुकडी वाटली जायची, मिलो नावाच्या बाहेरून आणलेल्या ज्वारीच्या तांबड्या भाकरी व्हायच्या. तिच्या आयुष्याचे दोन भाग होते, त्या वर्षाआधीचा आणि नंतरचा.

मी पुढे इतिहासाची शिक्षिका झाले. पंचवीस वर्षं वर्गात उभी राहिले. तेवढ्या वर्षांत आईचं ते कॅलेंडर मला पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटलं. पुस्तकातला काळ तहांनी मोजलेला असतो, लढायांनी आणि गादीवर बसणाऱ्यांनी मोजलेला असतो. दुष्काळ आला तर एखाद्या ओळीत, "याच सुमारास मोठा दुष्काळ पडला" असा. त्याला तारीख नसते आणि कारणही नसतं. तो पडतो, जसं झाडावरून पान पडतं.

हे बदलायला हवं, असं मला फार दिवसांपासून वाटतं. आपण इतिहास उभा शिकवतो. मराठ्यांचा एका इयत्तेत, इंग्रजांचा दुसऱ्या इयत्तेत, अमेरिका आणि फ्रान्स आणखी कुठल्या तरी पुस्तकात. प्रत्येक धागा वरून खाली सरळ जातो आणि शेजारच्या धाग्याला शिवत नाही. येवल्याचा कुठलाही विणकर सांगेल, नुसत्या ताण्याचं कापड होत नाही, बाणा लागतो. म्हणून माझी मागणी अशी आहे, की शाळेच्या इतिहासात दरवर्षी निदान एक साल आडवं शिकवावं. त्या सालात जगात कुठे काय चाललं होतं, ते एकाच पानावर मांडावं. आणि त्या पानावर पाऊस, धान्य आणि भूक यांना तहाच्या बरोबरीची जागा द्यावी.

मला निवडायला सांगितलं तर मी १७८३ निवडीन.

आपल्या पंचांगात ते शके १७०५, शोभन नाम संवत्सर. उत्तरेत विक्रम संवत १८४०. जपानात तेन्मेई कालखंडाचं तिसरं वर्ष. स्पर्धापरीक्षेच्या मुलांना ते एकाच गोष्टीसाठी पाठ असतं. ३ सप्टेंबरला पॅरिसमध्ये तह झाला आणि इंग्लंडने अमेरिकेचं स्वातंत्र्य मान्य केलं. मराठ्यांच्या इतिहासाच्या धड्यात याच्या आसपास सालबाईचा तह येतो. या दोन तहांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं माझ्या विद्यार्थ्यांना कधी वाटलं नाही. त्यांचा दोष नाही. दोन्ही तह दोन वेगळ्या पुस्तकांत होते.

संबंध मात्र सरळ आहे. सालबाईचा तह १७ मे १७८२ ला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने ठरला. कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने जूनमध्येच त्याला मंजुरी दिली. नाना फडणविसांनी मात्र मंजुरी दिली ती फेब्रुवारी १७८३ मध्ये. मधले आठ महिने नाना थांबले, कारण दक्षिणेत हैदर अली इंग्रजांशी लढत होता आणि तो जिवंत असेपर्यंत नानांच्या हातात एक हुकमाचा पत्ता होता. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला आणि तो पत्ता गेला. दुसरीकडे हेस्टिंग्जला तहाची घाई का होती? तो एकाच वेळी मराठ्यांशी, हैदरशी आणि फ्रेंचांशी लढत होता, आणि फ्रेंच या लढाईत उतरले होते ते अमेरिकेमुळे. म्हणजे मुंबईशेजारचं साष्टी बेट इंग्रजांकडे राहणार की नाही, रघुनाथरावाला पुण्यात आणणार की पेन्शन देऊन बसवणार, या प्रश्नांच्या मागे अटलांटिकपलीकडचं युद्धही उभं होतं. रघुनाथराव पेन्शन घेऊन कोपरगावला गेला आणि डिसेंबर १७८३ मध्ये तिथेच वारला.

आणखी एक उदाहरण मला वर्गात नेहमी सांगावंसं वाटे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातल्या तहाची प्राथमिक कलमं २० जानेवारी १७८३ ला व्हर्सायला ठरली. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कडलूरला मात्र इंग्रज आणि फ्रेंच सैन्यं जूनमध्ये एकमेकांवर तुटून पडली. १३ जूनच्या एका दिवसात शेकडो माणसं मेली आणि जखमी झाली. २० जूनला समुद्रात आरमारं भिडली. शांततेची बातमी घेऊन जहाज पोहोचलं ते जूनच्या अखेरीस. पाच महिने आधी संपलेल्या युद्धात ती माणसं मेली. उभ्या इतिहासात ही गोष्ट बसायला जागाच नाही. व्हर्सायच्या धड्यात कडलूर नाही आणि कडलूरच्या धड्यात व्हर्साय नाही.

त्या वर्षात अजून पुष्कळ काही आहे. एप्रिलमध्ये रशियाच्या कॅथरीनने क्रिमिया आपल्या राज्याला जोडून घेतला आणि उन्हाळ्यात सेवास्तोपोल वसवायला घेतलं. आजची बातमीपत्रं वाचणाऱ्या मुलाला ही नावं ओळखीची आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये इटलीच्या कलाब्रियात लागोपाठ भूकंप झाले आणि हजारो माणसं गेली. पुढे संस्कृतचा अभ्यासक म्हणून नाव झालेला विल्यम जोन्स सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला उतरला. १८ सप्टेंबरला गणितज्ञ ऑयलर वारला, तेव्हा त्याच्या पाटीवर फुग्याच्या उड्डाणाची आकडेमोड होती. कारण ते फुग्यांचंही वर्ष होतं. ४ जूनला फ्रान्समध्ये आनोने गावात मॉन्गोल्फिए बंधूंनी गरम हवेचा फुगा लोकांसमोर उडवला. सप्टेंबरमध्ये व्हर्सायला मेंढी, बदक आणि कोंबडा वर गेले. २१ नोव्हेंबरला पॅरिसच्या आकाशात दोन माणसं दोरखंडाशिवाय मोकळी उडाली. माणूस पहिल्यांदा जमीन सोडून तरंगला, ते हे साल.

लंडनच्या न्यायालयात त्या मार्चमध्ये एक खटला चालला. झाँग नावाच्या जहाजावरून १७८१ च्या अखेरीस १३० हून जास्त आफ्रिकी गुलामांना जिवंतपणी समुद्रात फेकलं होतं. खटला खुनाचा नव्हता, विम्याचा होता. माणशी तीस पौंड भरपाई मिळावी, असा मालकांचा दावा होता आणि पंचांनी तो मान्य केला. एकेकाळी गुलाम असलेल्या ओलाउडा इक्वियानोने ही गोष्ट ग्रॅनव्हिल शार्पच्या कानावर घातली. मे महिन्यात वरिष्ठ न्यायाधीशांपुढे पुन्हा सुनावणी होऊन खटला नव्याने चालवण्याचा हुकूम झाला आणि इंग्लंडमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा आवाज तिथून वाढत गेला. फुगा आणि झाँग एकाच वर्षातले आहेत, हे मुलांना कळायला हवं. माणूस किती उंच गेला आणि किती खाली होता, दोन्ही.

पण ज्या घटनेसाठी मी १७८३ निवडते ती यांतली कुठलीच नाही. आनोनेतला फुगा उडाल्यावर चारच दिवसांनी, ८ जून १७८३ ला, आइसलँडच्या दक्षिणेला लाकी इथे जमीन फाटली.

लाकी म्हणजे शंकूच्या आकाराचा एकच डोंगर फुटला असं नाही. सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि तिच्यावर शंभराहून जास्त तोंडं फुटली. लाव्हारस आठ महिने वाहत राहिला, ७ फेब्रुवारी १७८४ पर्यंत. पण लाव्हारसाने माणसं फारशी मारली नाहीत. मारलं ते वायूने. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. फ्लोरिन राखेबरोबर गवतावर बसलं, ते गवत गुरांनी खाल्लं. त्यांची हाडं वेडीवाकडी वाढली, दात झिजले, मग ती मेली. देशातल्या ८० टक्क्यांच्या आसपास मेंढ्या गेल्या, निम्मी गुरं आणि निम्मे घोडे गेले. शेती जवळपास नसलेल्या त्या देशात मेंढी गेली म्हणजे जेवण गेलं. पन्नास हजारांच्या आसपास लोकवस्ती होती, तिच्यातला पाचवा हिस्सा तरी पुढच्या दोन-तीन वर्षांत भुकेने आणि आजाराने संपला. योन स्टेइनग्रिमसन नावाचा एक पाद्री त्या भागात होता. त्याने दिवसामागून दिवस काय घडलं ते लिहून ठेवलं. २० जुलैला लाव्हारस गावाकडे सरकत असताना त्याने चर्चमध्ये लोकांना जमवून प्रार्थना घेतली आणि प्रवाह गावाच्या अलीकडे थांबला, ही आठवण तिथे अजून जपलेली आहे. ती श्रद्धेची गोष्ट झाली. मला त्याच्या वहीचं मोल जास्त वाटतं. गुरांचे पाय कसे सुजले आणि माणसांच्या हिरड्यांना काय झालं हे त्याने लिहिलं नसतं, तर आज लाकीबद्दल आपल्याला फार थोडं माहीत असतं.

आइसलँडचे लोक त्या काळाला जे नाव देतात त्याचा अर्थ "धुक्यातले हाल" असा आहे. हे नाव वाचलं तेव्हा मला आई आठवली.

ते धुकं तिथे थांबलं नाही. जूनच्या मध्यापासून युरोपवर एक कोरडं, निळसर, गंधकाचा वास येणारं धुकं बसलं. भर दुपारी सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा निस्तेज दिसे, असं इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइटने लिहून ठेवलं. इंग्लंडच्या शेतांवर काम करणारे मजूर त्या उन्हाळ्यात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त संख्येने मेले, हे चर्चच्या नोंदवह्यांतून आता पुढे आलं आहे. त्या वेळी बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसजवळ होता. अमेरिकेच्या वतीने पॅरिसच्या तहावर सही करणाऱ्यांपैकी तो एक. पुढच्या वर्षी त्याने एक टिपण लिहिलं. हे धुकं आइसलँडच्या ज्वालामुखीतून आलेलं असू शकतं, त्याने सूर्याची उष्णता अडवली असेल आणि म्हणून यंदाचा हिवाळा इतका कडक गेला असेल, असा तर्क त्याने मांडला. विचार करा, ज्या माणसाचं नाव तहामुळे पुस्तकात आहे, तोच माणूस त्याच सुमारास आकाशाकडे बघून हवामानाचा विचार करत होता. आपण त्याच्या सहीचा दिवस पाठ केला आणि त्याची नजर सोडून दिली.

आता आपल्याकडे या. उत्तर गोलार्धावर असा पडदा बसला की जमीन पुरेशी तापत नाही. जमीन तापली नाही की समुद्रावरून वारे जोराने आत येत नाहीत, आणि हे वारे म्हणजे आपला मोसमी पाऊस. लाकीच्या वायूंमुळे त्या वर्षी आफ्रिका आणि आशियाचा मोसमी पाऊस दुबळा झाला, असं हवामानाच्या अभ्यासकांनी अलीकडच्या काळात मांडलं आहे. इजिप्तमध्ये १७८३ ला नाईलचा पूर अपुरा आला, १७८४ लाही तेच झालं. तिथे असलेल्या व्होल्ने या फ्रेंच प्रवाशाने लिहिलं, की १७८५ च्या सुरुवातीपर्यंत देशातली सहावा हिस्सा माणसं एकतर मेली किंवा देश सोडून गेली.

आणि उत्तर हिंदुस्थानात चालीसा आला. संवत १८४० चा, म्हणून चालीसा. दिल्ली, अवध, राजपुताना, पंजाबचा पूर्व भाग, सगळीकडे धान्य संपलं. लाखो माणसं मेली आणि गावंच्या गावं ओस पडली. पुस्तकात आपण वाचतो, की सालबाईनंतर महादजी शिंदे उत्तरेकडे वळले, ग्वाल्हेर घेतलं, दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक, म्हणजे त्याचे सर्वाधिकारी प्रतिनिधी, झाले. ते सगळं खरं आहे आणि अभिमानाचंही आहे. पण ज्या मुलखाच्या वसुलावर हा कारभार चालवायचा होता तो मुलूख नुकताच चालीसातून निघाला होता. पगारासाठी सैन्य का खोळंबत होतं, खजिना का रिता होता, हे नुसतं दरबारातल्या कारस्थानांनी समजत नाही. महादजींच्या धड्यात चालीसा नसेल, तर तो धडा अर्धा आहे.

इथे एक सावधगिरी मी मुद्दाम सांगते, कारण आडव्या वाचनाचा मोह मोठा असतो. एका वर्षात दोन गोष्टी घडल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असं होत नाही. उत्तरेतला दुष्काळ लाकी फुटण्याच्या आधीच सुरू झाला होता, त्यामागे पॅसिफिक महासागरातला एल निनो असावा असं मानणारे अभ्यासक आहेत. लाकीमुळे फ्रेंच राज्यक्रांती झाली, हे वाक्य हल्ली मोबाइलवर फिरत असतं. मला ते पटत नाही. १७८९ आधी फ्रान्समध्ये कर्ज होतं, करांची व्यवस्था सडलेली होती, १७८८ च्या गारपिटीने पीक झोडपलं होतं. पाच वर्षांपूर्वीच्या धुक्यापर्यंत जाण्याची गरज नाही. पण हा फरक करायला शिकवणं, योगायोग कुठला आणि कारण कुठलं हे पारखायला लावणं, यासाठीच तर इतिहासाचा तास असतो. त्यासाठी आधी गोष्टी शेजारी-शेजारी मांडाव्या लागतात.

हे सगळ्यात चांगलं कळतं ते जपानमध्ये.

तिथेही त्याच उन्हाळ्यात एक ज्वालामुखी फुटला. असामा पर्वत मे महिन्यापासून धुमसत होता, ५ ऑगस्टला त्याचा मोठा स्फोट झाला. डोंगराच्या उत्तरेकडून दगडमातीचा लोंढा उतरला आणि त्याने कानबारा हे गाव पुरून टाकलं. ४७७ माणसं गेली, ९३ वाचली. वाचली ती उंचावरच्या कान्नोन या बौद्ध करुणादेवीच्या मंदिराकडे धावत गेलेली. त्या मंदिराच्या आज १५ पायऱ्या जमिनीवर दिसतात. १९७९ मध्ये तिथे खोदलं तेव्हा कळलं, की पायऱ्या मुळात ५० होत्या. तळाच्या पायऱ्यांवर दोन बायकांचे सांगाडे सापडले. एक तरुण, एक म्हातारी. तरुण बाईने म्हातारीला पाठीवर घेतलं होतं, असं त्यांच्या ठेवणीवरून मानतात. हे मी वर्गात सांगितलं की मुलं गप्प होत. एरवी तहाच्या कलमांना कुणी गप्प होत नाही.

असामा आणि लाकी यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. जपानच्या ईशान्येला तोहोकू भागात थंडी आणि पावसाने पीक बिघडायला असामाच्या स्फोटाआधीच सुरुवात झाली होती. त्या वर्षी तिथे उन्हाळा आलाच नाही म्हणा. भाताच्या लोंब्या भरल्या नाहीत. आणि तेन्मेईचा महादुष्काळ पेटला.

उत्तर टोकाला त्सुगारू नावाची जहागीर होती. तिथल्या सरदाराच्या डोक्यावर सावकारांचं कर्ज होतं. ते फेडायला साठ्यातला तांदूळ जहाजांत भरून ओसाका आणि एडोला (आजच्या टोकियोला) पाठवला जात होता. पीक जाणार हे डोळ्यांना दिसत असताना जहाजं भरली जात होती. आओमोरी बंदरात लोकांनी दंगा केला, तांदूळ बाहेर पाठवू नका म्हणाले. तोवर फार उशीर झाला होता. त्या एका जहागिरीत ८० हजारांहून जास्त माणसं मेली. जवळपास तिसरा हिस्सा लोकवस्ती.

दक्षिणेला शिराकावा ही दुसरी जहागीर. तिथलंही पीक बुडालं. त्याच वर्षी गादीवर आलेला मात्सुदाइरा सादानोबू तेव्हा चोवीस वर्षांचा होता. (त्या डिसेंबरात इंग्लंडचा पंतप्रधान झालेला धाकटा पिटही चोवीसचाच. त्याचं नाव आपल्याला पाठ असतं.) सादानोबूने बाहेरच्या मुलखांतून, ओसाकापर्यंतच्या बाजारांतून तांदूळ विकत घेतला आणि वाटला. स्वतःच्या वाड्यातला खर्च कापला. शिराकावात भुकेने कुणी मेलं नाही, अशी त्याची ख्याती झाली. त्या ख्यातीवर १७८७ ला तो एडोच्या सरकारात प्रमुख झाला आणि प्रत्येक जहागिरीने धान्याची कोठारं भरून ठेवावीत, असा हुकूम त्याने काढला. शिराकावा दक्षिणेकडे असल्याने तिथे थंडीचा मार त्सुगारूइतका नव्हता, हे सांगितलं पाहिजे. तरीही एका ठिकाणी तांदूळ बाहेर गेला आणि दुसऱ्या ठिकाणी आत आला, हा फरक आभाळाने केला नव्हता.

हेच हेस्टिंग्जनेही लिहिलं, आणि त्याच्याविषयी माझं मत कितीही वाईट असलं तरी ते नोंदवायला हवं. एप्रिल १७८४ मध्ये लखनौहून त्याने पत्रात लिहिलं, की येताना बक्सरपासून बनारसपर्यंत गाऱ्हाणी घेऊन लोक त्याच्या मागे येत होते. अवर्षणाने त्यांचे हाल वाढले हे खरं, पण मूळ कारण सदोष, किंबहुना भ्रष्ट आणि जुलमी कारभार असावा अशी भीती त्याने व्यक्त केली. कारभार कुणाचा होता? बनारसचा राजा चेतसिंग याला १७८१ मध्ये त्यानेच हाकललं होतं. पण वाक्य खरं होतं.

२० जानेवारी १७८४ ला कलकत्त्याच्या कौन्सिलने कोठारं बांधण्याचा हुकूम काढला. त्यातून पाटण्याचा गोलघर उभा राहिला. पालथ्या टोपल्यासारखा, २९ मीटर उंच, बाहेरून दोन वळणदार जिने. कॅप्टन जॉन गार्स्टिनने तो १७८६ मध्ये पुरा केला. या प्रांतांतला दुष्काळ कायमचा टाळण्यासाठी, असं त्याच्यावरच्या शिलालेखात कोरलं आहे. पहिल्यांदा कुणी भरून बंद केला हे लिहायची जागा शिलालेखात मोकळी सोडलेली होती. ती मोकळीच राहिली, कारण गोलघर कधी पुरा भरला गेला नाही. त्यानंतर दीडशे वर्षांहून जास्त काळ इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानात एकामागून एक दुष्काळ पडत राहिले.

आता माझे सहकारी जे आक्षेप घेतात त्यांच्याकडे वळते. एक म्हणतात, आधी आपला इतिहास नीट शिकवू, जग नंतर बघू. नानांनी आठ महिने सही का लांबवली, हे सांगायला मला हैदर आणि फ्रेंच लागतात. महादजींचा खजिना का रिता, हे सांगायला मला चालीसा लागतो. आपला इतिहास नीट शिकवायचा म्हणूनच मी जग मागते. दुसऱ्या बाई म्हणतात, अभ्यासक्रम आधीच डोक्यावरून जातो, आणखी काय घालायचं? त्यांचं म्हणणं मी हलकं घेत नाही, त्यांच्या वर्गात सत्तर मुलं आहेत. पण मी भर घालायला सांगत नाही, बदली करायला सांगते. तहाची कलमं पाठ करण्यातून सुटलेल्या दोन तासिका या कामाला पुरतात. मी हे स्वतः करून पाहिलं आहे. भिंतीवर लांब कागदाची पट्टी लावायची, महिने आडवे लिहायचे, आणि प्रत्येक गटाला एक प्रदेश द्यायचा. जूनच्या चौकटीत कडलूर, आनोने आणि लाकी एकाखाली एक आले की मुलं आपोआप विचारायला लागतात, यांना एकमेकांचं कळलं होतं का? कधी कळलं? बातमी यायला किती दिवस लागले? हे प्रश्न पुस्तकात नव्हते.

तिसरा आक्षेप जास्त खोलवरचा आहे. दुष्काळ ही निसर्गाची गोष्ट, ती भूगोलात शिकवा. नेमकं इथेच मला राहवत नाही. भूगोलात गेलेल्या दुष्काळाला कुणी जबाबदार नसतो. मराठवाड्यातलं किंवा नगर-सोलापूरकडचं मूल टँकर बघत मोठं होतं आणि त्याला वाटतं, हे असंच असतं. त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं, की दुष्काळात माणसं मेली की जगली हे त्या-त्या वेळी कुणीतरी ठरवलेलं होतं, आणि तो निर्णय आपण नावानिशी, तारखेनिशी सांगू शकतो. बहात्तरच्या दुष्काळात पीक चालीसासारखंच गेलं होतं. तरी माझी आई जगली, तिच्याबरोबर खडी फोडणाऱ्या बहुतेक बायका जगल्या. कारण काम काढलं गेलं, मजुरी मिळाली, सुकडी वाटली गेली. त्यासाठी लोकांनी मोर्चे काढले होते, विधिमंडळात भांडणं झाली होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या काळात राज्यभर राबवली गेली, १९७७ ला तिचा कायदा झाला आणि २००५ ला देशाने तसा कायदा केला. मजुरी कमी होती, ठेकेदारांनी हात मारले, आईच्या बोटांची नखं गेली ती परत नीट आली नाहीत. हे सगळं मान्य करूनही ती जगली हा इतिहास आहे आणि तो भूगोलाच्या पुस्तकात मावत नाही.

आईला त्सुगारू माहीत नव्हतं. आइसलँडचं नावही तिने ऐकलं नव्हतं. पण "धुक्यातले हाल" या नावाचा अर्थ तिला सांगायची गरज पडली नसती. चालीसा, बहात्तर, आपल्याकडचा त्याहून जुना दुर्गादेवीचा दुष्काळ, ही नावं लोकांनी ठेवली, कुठल्या दरबाराने नाही. राजांच्या सनावळीशेजारी लोकांची ही सनावळ लिहायला पाठ्यपुस्तकात अर्धं पान लागेल.

आणि परीक्षेचं म्हणाल तर, जे परीक्षेत येत नाही ते वर्गात शिकवलं जात नाही हे मी पंचवीस वर्षं पाहिलं आहे. म्हणून पाठ्यपुस्तक मंडळावर बसणाऱ्यांकडे माझी मागणी अगदी छोटी आहे. "सालबाईचा तह कोणाच्या मध्यस्थीने झाला?" हा एका गुणाचा प्रश्न राहू द्या. त्याच्याखाली आणखी एक घाला : १७८३ मध्ये त्सुगारू आणि शिराकावा या दोन्ही जहागिरींत पीक बुडाले. एकीत माणसे मेली, दुसरीत वाचली. कारणे लिहा. गुण पाच.